घराण्यात रक्ताच्या गुठळ्या होतात, मग हृदयासाठी नेमकं काय तपासायचं?

घरात कुणाला चाळिशीच्या आत हार्ट अटॅक आला, की भावंडं हादरतात आणि तपासण्यांच्या मागे लागतात. तेवढ्यात कुणीतरी सांगतं, 'रक्तच घट्ट असेल, थ्रॉम्बोफिलिया प्रोफाइल करून घ्या.' थ्रॉम्बोफिलिया म्हणजे रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती. चाचण्यांचा तो लांबलचक संच होतो, एखादा आकडा ठळक अक्षरांत छापून येतो आणि सगळं घर त्या आकड्याभोवती फिरायला लागतं. सिगारेट मात्र चालूच असते आणि बीपी कुणी मोजलेलं नसतं.

मुद्दा आधीच सांगून टाकलेला बरा. रक्त गोठण्याचे आनुवंशिक दोष प्रामुख्याने शिरांमध्ये गुठळ्या करतात. हार्ट अटॅक धमनीत होतो. या दोन्हींत दुवा आहे, पण बऱ्याच जणांच्या बाबतीत तो बारीक आहे. काही थोड्या परिस्थितींत तो चांगलाच जाड होतो. आपण त्यातले नेमके कुठे बसतो हे ओळखण्यासाठी पुढच्या पायऱ्या आहेत. एक अट मात्र पाळा: हे वाचून चालू असलेलं कोणतंही औषध स्वतःच्या मनाने थांबवायचं नाही.

पायरी १: गुठळी शिरेतली होती की धमनीतली, हे आधी विचारा

'काकांना गुठळी झाली होती' एवढ्यावर काहीच ठरत नाही. कुठे झाली होती, हा पहिला प्रश्न.

पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली तर तिला डीव्हीटी म्हणतात. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर पल्मनरी एम्बोलिझम. शिरांमध्ये रक्ताचा वेग कमी असतो, त्यामुळे तिथल्या गुठळीत फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे धागे आणि त्यात अडकलेल्या तांबड्या पेशी जास्त असतात. फायब्रिन तयार होण्याला लगाम घालणारी यंत्रणा जन्मतःच कमजोर असेल, तर त्याचा फटका इथे सगळ्यात आधी बसतो.

हृदयाच्या धमनीतली गोष्ट वेगळी. तिथे वर्षानुवर्षं कोलेस्टेरॉलचा थर साचतो, एके दिवशी त्याला चीर पडते आणि त्या जखमेवर प्लेटलेट, म्हणजे रक्तातल्या गुठळी धरणाऱ्या बारीक पेशी, धावून येतात. वेगाने वाहणाऱ्या रक्तात गुठळी धरायला आधी ती जखम लागते. म्हणूनच हार्ट अटॅकनंतर प्लेटलेटना आवरणारी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही औषधं देतात, तर डीव्हीटीत हेपरिन, वॉर्फरिन, रिव्हरोक्साबॅन, एपिक्साबॅन ही. दोन्हींना आपण सरसकट 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. डीव्हीटीचा इतिहास असलेला माणूस 'माझी ॲस्पिरिन चालू आहे' म्हणून निर्धास्त राहतो. ॲस्पिरिन त्या औषधांची जागा भरून काढत नाही.

पायरी २: घराण्याचा तक्ता कागदावर काढा

कोणत्याही चाचणीपेक्षा हा कागद जास्त बोलतो. आई-वडील, सख्खी भावंडं, मुलं ही पहिली फळी. आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी ही दुसरी. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: काय झालं, कितव्या वर्षी झालं आणि त्याआधीच्या तीन महिन्यांत काय घडलं होतं. ही तिसरी गोष्ट हमखास राहून जाते.

नमुना म्हणून एक तक्ता घेऊ. आजोबा: ६८व्या वर्षी हार्ट अटॅक, आयुष्यभर धूम्रपान. आत्या: ३१व्या वर्षी, बाळंतपणानंतर पंधरवड्यात मांडीच्या शिरेत गुठळी. वडील: ५९व्या वर्षी, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फुप्फुसात गुठळी. थोरला भाऊ: ३८व्या वर्षी हार्ट अटॅक, स्टेंट, सिगारेट होती, दाखल झाला तेव्हाचं एलडीएल कोलेस्टेरॉल २१०.

वरवर पाहिलं तर वाटतं, या घराला 'गुठळ्यांचा आजार' आहे. नीट पाहिलं तर इथे दोन वेगळे धागे दिसतात. आत्या आणि वडील हा शिरांचा धागा. दोघांनाही निमित्त होतं, तरी आत्याचं वय कमी असल्याने आनुवंशिक दोषाची शंका घ्यायला जागा आहे. भावाचा धागा निराळा. उपचार नसताना एलडीएल १९० च्या वर असेल तर जन्मतःच कोलेस्टेरॉल जास्त असण्याचा आनुवंशिक आजार, म्हणजे फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, तपासायलाच हवा. तो दुर्मीळ नाही, साधारण २५० माणसांत एकाला असतो. भावाचा अटॅक आत्याच्या गुठळीच्या खात्यात टाकला, तर हा आजार नजरेतून सुटेल आणि पुढच्या पिढीतली मुलंही तशीच राहतील.

हृदयविकाराच्या बाबतीत 'लवकर' म्हणजे जवळच्या पुरुष नातेवाइकाला ५५ च्या आत आणि स्त्रीला ६५ च्या आत. आजोबांचा ६८व्या वर्षीचा अटॅक या व्याख्येत बसत नाही. तो तक्त्यात असू द्या, पण त्यावरून घाबरू नका.

पायरी ३: कोणता दोष किती जड, ते समजून घ्या

सगळ्यांत जास्त ऐकू येणारं नाव फॅक्टर व्ही लायडन. १९९३ मध्ये स्वीडनच्या डालबॅक यांनी काही कुटुंबांच्या रक्तावर 'ॲक्टिव्हेटेड प्रोटीन सी' या नैसर्गिक लगामाचा असर होत नसल्याचं दाखवलं. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या लायडन शहरातल्या संशोधकांनी त्यामागचा जनुकातला बदल शोधला आणि शहराचं नाव त्याला चिकटलं. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ५ टक्के जणांत तो असतो. पूर्व आशिया आणि आफ्रिकेतल्या मूळ लोकसमूहांत क्वचित. एका पालकाकडून आलेला असेल तर शिरेतल्या गुठळीचा धोका तीन ते पाच पट होतो, दोघांकडून आलेला असेल तर त्याहून बराच अधिक. तरीही एकेरी दोष असलेल्या दहांपैकी साधारण नऊ जणांना जन्मात कधी गुठळी होत नाही. रिपोर्ट हातात पडल्यावर हे वाक्य पुन्हा वाचावं.

१९९६ मध्ये त्याच लायडनच्या गटाने प्रोथ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाच्या जनुकातला बदल सांगितला. युरोपीयांत २ ते ३ टक्के, धोका दोन ते चार पट.

प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटीथ्रॉम्बिन या गोठण्याला लगाम घालणाऱ्या प्रथिनांची कमतरता हे तीन दोष विरळ आहेत, पण वजनदार. अँटीथ्रॉम्बिनची कमतरता तर १९६५ मध्येच नॉर्वेतल्या एका कुटुंबात एगेबर्ग यांनी नोंदवली होती. या घराण्यांत तरुणपणीच गुठळ्या होतात आणि बाळंतपण, ऑपरेशन यांसारखे प्रसंग जास्त जोखमीचे असतात. यांतला कोणताही दोष एका पालकात असेल, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी.

आता मूळ प्रश्न: हार्ट अटॅकचं काय? २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात हृदयधमनीविकाराचे ६६ हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यात फॅक्टर व्हीच्या दोषाने धोका सुमारे १७ टक्के आणि प्रोथ्रॉम्बिनच्या दोषाने सुमारे ३१ टक्के वाढलेला दिसला. म्हणजे ज्या गटात १०० जणांना आजार व्हायचा, तिथे ११७ किंवा १३१. तुलनेला २००४ चा ५२ देशांतला इंटरहार्ट अभ्यास घ्या: चालू धूम्रपानाने हार्ट अटॅकची शक्यता जवळपास तिप्पट होत होती, आणि धूम्रपान, कोलेस्टेरॉल, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर यांसारख्या नऊ गोष्टींनी पुरुषांमधला ९० टक्के धोका समजावता येत होता. ३१ टक्क्यांची चिंता करत सिगारेट पेटवणाऱ्या माणसाला हा हिशेब कुणीतरी करून दाखवायला हवा.

याला दोन अपवाद आहेत. अमेरिकेतल्या १८ ते ४४ वयाच्या स्त्रियांच्या १९९७ मधल्या अभ्यासात फॅक्टर व्ही लायडनमुळे वाढलेला हार्ट अटॅकचा धोका मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांतच एकवटलेला होता. दोष आणि सिगारेट एकत्र आले की आकडा एकदम उसळतो. दुसरा अपवाद २००८ मधल्या डच कुटुंबांच्या अभ्यासातला. प्रोटीन सी किंवा प्रोटीन एस कमी असलेल्यांत ५५ च्या आत धमनीतल्या गुठळ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं, अँटीथ्रॉम्बिन कमी असलेल्यांत तसं दिसलं नाही. तेव्हा 'आनुवंशिक दोषाचा हृदयाशी काही संबंध नाही' असंही सरसकट म्हणता येत नाही. वय कमी आणि दोष वजनदार असेल, किंवा जोडीला धूम्रपान असेल, तर तो लक्षात घ्यायचा.

एमटीएचएफआर या जनुकाचं नावही अनेक रिपोर्टांत दिसतं. ते पाहून झोप उडवून घेऊ नका. त्यातले नेहमीचे बदल कोट्यवधी लोकांत असतात, आणि अमेरिकेतल्या जनुकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्येच थ्रॉम्बोफिलियासाठी ही चाचणी मागवू नका असं सांगितलं. या जनुकाशी जोडलेला रक्तातला घटक म्हणजे होमोसिस्टीन. तो कमी करण्यासाठी फॉलिक ॲसिड आणि बी जीवनसत्त्वं देऊन हार्ट अटॅक टळतात का, हेही नॉर्विट आणि होप-२ या २००६ मधल्या मोठ्या चाचण्यांत पाहून झालं, टळले नाहीत. होमोसिस्टिन्युरिया नावाचा दुर्मीळ आजार मात्र खरा आणि गंभीर असतो. त्यात होमोसिस्टीन प्रचंड वाढतं आणि बहुधा लहान वयातच डोळे, हाडं, मेंदू यांवर खुणा दिसतात.

पायरी ४: चाचणी करायची का, हे ठरवा

एकच प्रश्न स्वतःला आणि डॉक्टरांना विचारा: रिपोर्ट काहीही आला तर उपचार बदलणार आहेत का? उत्तर 'नाही' असेल तर चाचणी राहू द्या.

साठीत हार्ट अटॅक, अँजिओग्राफीत दोन-तीन धमन्यांत अडथळे, मधुमेह, बीपी: इथे थ्रॉम्बोफिलियाचा संच करून हाती काही लागत नाही. कारण समोरच दिसतंय. काहीही निमित्त नसताना मोठी डीव्हीटी झाली असेल, तर बहुतेकदा औषध दीर्घकाळ द्यायचंच असतं, मग जनुक पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह. उलट, तरुण वयात गुठळी, वारंवार गुठळ्या, पोटातल्या किंवा मेंदूतल्या शिरांसारख्या वेगळ्या जागी गुठळी, घरात अँटीथ्रॉम्बिन, प्रोटीन सी किंवा एस यांची सिद्ध झालेली कमतरता, अशा वेळी चाचणीला अर्थ असतो. घरातल्या मुलीला इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या असतील तेव्हाही; कारण तिथे निर्णय खरोखर बदलतो.

निगेटिव्ह रिपोर्टने घराण्याचा इतिहास पुसला जात नाही. सख्ख्या नातेवाइकाला शिरेत गुठळी झाली असेल, तर ज्ञात जनुकं निर्दोष असूनही आपला धोका साधारण दुप्पट धरतात. अजून नाव न मिळालेले दोषही घराण्यांत असतात.

पायरी ५: चाचणीची वेळ सांभाळा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून पाहू.

समजा, २७ वर्षांची एक स्त्री. गर्भनिरोधक गोळ्या घेत होती, डीव्हीटी होऊन दाखल झाली, हेपरिन सुरू झालं. पाचव्या दिवशी रक्त घेतलं. रिपोर्ट असा: अँटीथ्रॉम्बिन ७१ टक्के, प्रोटीन सी ९४ टक्के, मुक्त प्रोटीन एस ३८ टक्के, फॅक्टर व्ही लायडन आढळलं नाही. अँटीथ्रॉम्बिन आणि प्रोटीन एस, दोन्हींपुढे 'कमी' अशी खूण.

या रिपोर्टवरून तिला दोन आनुवंशिक दोष आहेत असं म्हणता येईल का? नाही. ताज्या गुठळीत अँटीथ्रॉम्बिन खर्च होतं आणि हेपरिन ते आणखी खाली आणतं. इस्ट्रोजेनमुळे प्रोटीन एस उतरतं. या चार ओळींतल्या भरवशाच्या ओळी दोनच. एक फॅक्टर व्ही लायडनची, कारण जनुकाची चाचणी गुठळीने, औषधाने किंवा गर्भारपणाने बदलत नाही. दुसरी प्रोटीन सीची, कारण ताज्या गुठळीतही ते नॉर्मल आलं तर कमतरता नाही असं धरता येतं. बाकीच्या दोन चाचण्या तिने गोळ्या बंद केल्यावर आणि किमान तीन महिन्यांचे उपचार झाल्यावर, डॉक्टरांनी औषधात सुरक्षित खंड पाडून दिल्यावर पुन्हा करायच्या. त्या वेळी कमी आल्या, तर आणखी एकदा करून खात्री करायची. तोपर्यंत तिच्या बहिणींना 'तुम्हालाही असणार' असं सांगत सुटू नये.

वॉर्फरिन चालू असताना प्रोटीन सी आणि एस दोन्ही कमी येतात. ते औषध कामच तसं करतं. ते थांबवून निदान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात, काही लॅब जास्तच मागतात. रिव्हरोक्साबॅन, एपिक्साबॅनसारख्या औषधांनी उलटं घडू शकतं: रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेवर आधारलेल्या चाचण्या खोट्या नॉर्मल दिसतात आणि ल्युपस अँटीकोआग्युलंट (पायरी ७ मधल्या अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोमची एक चाचणी) खोटं पॉझिटिव्ह येतं. गर्भारपणात आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडे प्रोटीन एसवर विसंबू नये. लिव्हरचा आजार असेल तर तिन्ही उतरतात. लघवीतून प्रथिनं वाहून जाणारा किडनीचा आजार असेल तर अँटीथ्रॉम्बिनही त्यासोबत जातं.

म्हणून लॅबच्या फॉर्मवर चार गोष्टी लिहून द्या: गुठळी कधी झाली, कोणतं औषध चालू आहे, शेवटचा डोस कधी घेतला, हार्मोनची गोळी किंवा गर्भारपण आहे का. फॉर्मवर त्यासाठी रकाना नसेल तर कोऱ्या जागेत लिहा.

पायरी ६: हृदयासाठी आनुवंशिक तपासणी करायचीच असेल, तर ही करा

लायपोप्रोटीन ए. या चाचणीचं नाव अनेकांनी ऐकलेलंही नसतं. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेला हा कण एलडीएलसारखाच असतो, पण त्याला एक जादा प्रथिन चिकटलेलं असतं, आणि त्या प्रथिनाची घडण गुठळी विरघळवणाऱ्या प्लाझ्मिनोजेनशी मिळतीजुळती असते. पातळी जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरते, आयुष्यभर फारशी हलत नाही आणि साधारण पाचांतल्या एकाची धोक्याच्या रेषेवर असते. ही रेषा ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटर. ही दोन मापं एकमेकांत सरळ गुणाकाराने बदलता येत नाहीत, म्हणून भावाचा रिपोर्ट एका मापात आणि तुमचा दुसऱ्यात असेल तर तुलना जपून करा. युरोपीय तज्ज्ञसंस्थांनी २०१९ मध्ये प्रत्येक प्रौढाची ही चाचणी आयुष्यात एकदा तरी व्हावी असं सुचवलं. हार्ट अटॅकच्या घराण्यात फॅक्टर व्हीच्या आधी ही चाचणी मागा, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती जास्त आली तर व्यायाम-आहाराने तो आकडा फारसा उतरत नाही. मग बाकीचं सगळं जास्त कडक सांभाळायचं: एलडीएल अधिक खाली न्यायचं, बीपी, साखर, वजन आटोक्यात ठेवायचं. सोबत साधा लिपिड प्रोफाइल, रिकाम्या पोटीची साखर किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए१सी आणि दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलेलं बीपी. यात नाट्यमय काही नाही, त्यामुळे हे मागे पडतं.

नुसता दोष सापडला म्हणून, हृदयविकार नसताना, रोज ॲस्पिरिन सुरू करू नका. आजार नसलेल्यांत ॲस्पिरिनचा २०१८ मधल्या तीन मोठ्या चाचण्यांत हिशेब मांडला गेला. जो थोडा फायदा दिसला तोही रक्तस्रावाच्या तोट्याने खाऊन टाकला.

पायरी ७: शिरेतला आजार हृदयापर्यंत पोचतो त्या वाटा

पहिली वाट उजव्या बाजूची. फुप्फुसात गुठळी अडकली की रक्त पुढे ढकलताना हृदयाच्या उजव्या कप्प्याची दमछाक होते. बहुतेकांत औषधाने गुठळी विरघळते, पण थोड्या रुग्णांत, अंदाजे ३ टक्क्यांच्या आसपास, जुन्या गुठळीचे व्रण राहतात आणि फुप्फुसातला दाब चढत जातो. तीन महिने नीट औषध घेऊनही जिना चढताना धाप लागत असेल, तर 'आता वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. टुडी एको आणि व्हीक्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा) करायचा का, ते विचारा. या आजारावर शस्त्रक्रियेसह चांगले उपचार आहेत आणि तो चुकण्याचं मुख्य कारण म्हणजे कुणी शोधतच नाही.

दुसरी वाट हृदयातल्या छिद्राची. साधारण चारांतल्या एका प्रौढात हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली जन्मापूर्वीची खिडकी, पीएफओ, पूर्ण बंद झालेली नसते. एरवी तिचा त्रास नाही. पण पायातल्या शिरेतली गुठळी त्या खिडकीतून डावीकडे गेली तर मेंदूत जाऊन पक्षाघात करू शकते आणि क्वचित हृदयाच्या धमनीतही अडकते. तरुण माणसाला कारण न सापडणारा पक्षाघात झाला तर ही खिडकी आणि पायाच्या शिरा दोन्ही तपासतात.

तिसरी: हार्ट अटॅक खरा, हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारं ट्रोपोनिन वाढलेलं, पण अँजिओग्राफीत मोठा अडथळाच नाही. हार्ट अटॅकच्या सुमारे ६ टक्के रुग्णांत असं होतं. त्याला धमनीचं आकुंचन, हृदयाच्या स्नायूची सूज, धमनीच्या आतल्या अस्तराची फाट अशी बरीच कारणं असतात आणि गुठळीची प्रवृत्ती त्यातलं एक. इथे थ्रॉम्बोफिलियाची चाचणी मागणं रास्त आहे. 'अँजिओग्राफी नॉर्मल, घरी जा' एवढ्यावर समाधान मानू नका. हृदयाचा एमआरआय करायचा का, हेही विचारा.

चौथी वाट आनुवंशिक नाही, पण वगळता येत नाही. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम हा नंतर जडणारा आजार शिरा आणि धमन्या दोन्हींत गुठळ्या करतो, वारंवार गर्भपातही घडवतो. तरुणाला धमनीत गुठळी झाली असेल तर फॅक्टर व्हीपेक्षा हा आधी डोक्यात यायला हवा. त्याच्या तीन चाचण्या आहेत: ल्युपस अँटीकोआग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२-ग्लायकोप्रोटीन. पॉझिटिव्ह आल्या तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करूनच निदान पक्कं होतं. तिन्ही पॉझिटिव्ह असणाऱ्यांना रिव्हरोक्साबॅन देऊन पाहिलं, तेव्हा वॉर्फरिनच्या तुलनेत जास्त घटना घडल्या आणि २०१८ मध्ये तो औषधाचा अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. तेव्हापासून अशा रुग्णांना वॉर्फरिनच बरं मानतात, वॉर्फरिनचा असर मोजणारी आयएनआर तपासणी करण्याचा कंटाळा आला तरी.

पायरी ८: हृदयाचे उपचार होणार असतील तर दोष आधी सांगा

अँटीथ्रॉम्बिन कमी असेल तर हेपरिन पुरेसं चालत नाही, कारण हेपरिनचं काम अँटीथ्रॉम्बिनच्याच हातून होतं. अँजिओप्लास्टी किंवा बायपासच्या टेबलावर हे अचानक कळण्यापेक्षा आधी माहीत असलेलं केव्हाही बरं. जास्त हेपरिन किंवा अँटीथ्रॉम्बिन द्यायची तयारी ठेवता येते. भूलतज्ज्ञांनाही वेगळं सांगा.

प्रोटीन सी कमी असणाऱ्याला कृत्रिम झडपेसाठी किंवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉर्फरिन लागलं, तर पहिल्या काही दिवसांत त्वचा काळी पडून मरण्याचा धोका असतो. वॉर्फरिन आधी प्रोटीन सीच खाली आणतं, म्हणून सुरुवातीला हेपरिनचं कवच देतात आणि डोस हळू वाढवतात.

डीव्हीटीची गोळी चालू असताना स्टेंट बसला तर दोन जातींची औषधं एकत्र येतात. गुठळीपासून संरक्षण वाढतं, पण रक्तस्राव त्याहून वाढू शकतो. त्यामुळे तीन-तीन औषधांचा काळ शक्य तितका लहान ठेवतात, बहुधा ॲस्पिरिन लवकर कमी करतात आणि पोटाच्या रक्षणाची गोळी जोडतात. घरी परतताना कागदावर लिहून घ्या: कोणती गोळी कोणत्या तारखेला बंद होणार आणि ती कोण बंद करणार, हृदयरोगतज्ज्ञ की रक्तविकारतज्ज्ञ. दोघांनाही 'दुसरे डॉक्टर बघतील' असं वाटत राहतं आणि रुग्ण वर्षभर तिन्ही गोळ्या घेत राहतो. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा.

पायरी ९: जोखमीचे प्रसंग आधी ओळखून ठेवा

दोष वर्षानुवर्षं गप्प असतो. निमित्त मिळालं की बोलतो. डच संशोधकांनी १९९४ मध्ये मांडलेला हिशेब बोलका आहे. दर वर्षी १०,००० तरुण स्त्रियांमागे शिरेत गुठळी होणाऱ्या: दोष नाही, गोळी नाही तर एकीपेक्षा कमी, फक्त इस्ट्रोजेनची गोळी तर ३, फक्त फॅक्टर व्ही लायडन तर ६ च्या आसपास, दोन्ही एकत्र तर २८ च्या आसपास. दोष सिद्ध असेल तर तांबी किंवा फक्त प्रोजेस्टेरॉनवर चालणारी गोळी यांविषयी विचारा. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन लागलंच तर तोंडाने घेण्यापेक्षा त्वचेवर लावायची पट्टी शिरांच्या दृष्टीने सुरक्षित दिसते. बाळंतपणात सगळ्यांत जोखमीचे आठवडे प्रसूतीनंतरचे सहा असतात. दोष वजनदार असेल तर या काळात हेपरिनची इंजेक्शनं घ्यायची की नाही, हे गर्भारपण सुरू होतानाच ठरलेलं असावं.

ऑपरेशन, प्लास्टर, अंथरुणाला खिळवणारा आजार ही बाकीची निमित्तं. चार तासांपेक्षा जास्त बसून केलेल्या प्रवासाने धोका दुपटीच्या आसपास जातो, पण मुळात तो कमी असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पाने तो सुमारे ६,००० प्रवासांत एक असा मांडला. अधूनमधून उठा, पोटऱ्या हलवा. आधी गुठळी होऊन गेली असेल तर डॉक्टरांशी बोला.

पायरी १०: दोष उलट्या बाजूचा असेल तर

हिमोफिलिया किंवा व्हॉन विलब्रँड आजारात रक्त गोठायला वेळ लागतो. त्यामुळे हार्ट अटॅक येत नाही, असा समज आहे. आता हे रुग्ण चांगल्या उपचारांमुळे दीर्घायुषी होतात आणि त्यांच्याही धमन्यांत कोलेस्टेरॉलचे थर साचतात. बीपी तर त्यांच्यात अधिकच आढळतं. स्टेंट बसवायचा झाला तर मनगटातून, फॅक्टरचं कवच देऊन आणि प्लेटलेटना आवरणाऱ्या दोन औषधांचा काळ कमी ठेवून करतात. हिमोफिलियावरचं एमिसिझुमॅब हे औषध घेणाऱ्यांनी ते इमर्जन्सीत न विसरता सांगावं, कारण त्याच्यासोबत ॲक्टिव्हेटेड प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स या रक्त गोठवणाऱ्या औषधाचे मोठे डोस गेले तर उलट गुठळ्या होऊ शकतात.

पायरी ११: कधी थांबायचं नाही

एका पायाची पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक धाप, श्वास आत घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणं. छातीवर दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, घाम. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं: यांत रुग्णवाहिकाच. अशा वेळी पोटरी चोळायची नाही आणि स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा. दोषाचं पूर्ण नाव आणि तो एकेरी की दुहेरी, आधी झालेल्या गुठळ्यांची जागा आणि साल, चालू औषध, डोस, घ्यायची वेळ, रक्तविकारतज्ज्ञांचा फोन. त्याचाच फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये असू द्या, आणि औषध बदललं की दोन्हीकडे बदल करा.